अण्णांचा कॅम्पर

आलात का ताई बंगळुरूहून? या, अशा भिंतीपाशी या, आंब्याच्या सावलीत. आत नको बसायला. अंगणात बाजेवर कुरडया घातल्यात आणि दुपारपासून आभाळाचं काही खरं दिसत नाही. उभ्या उभ्याच बोलू. चार महिन्यांचं साचलंय हो माझ्याकडे!

तो होय? विचारणार हे ठाऊकच होतं मला. गल्लीत शिरलं की पहिला तोच दिसतो. अण्णांचा ट्रक. फोर-नॉट-सेव्हन. हसू नका, आत्ता बघताय तो नटलेला नवरदेव आहे. फेब्रुवारीत आला तेव्हा बघायला हवा होता. चाकणच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलाय. हौद्याच्या फळ्या काळ्याठिक्कर, मागचा फालका एका बिजागरीवर लोंबतोय आणि वास म्हणजे विचारू नका. कुजका कांदा, डिझेल आणि ओलं पोतं. त्या दिवशी आमच्याकडे भजी तळायची होती, कांदा चिरायची इच्छाच मेली.

गल्लीत लगेच सुरू झालं. पीएफचे पैसे घालवले म्हणे. माईंना विचारलंसुद्धा नाही म्हणे. तुम्हाला म्हणून सांगते, मीही त्यातलीच होते. ते पैशांचं खरं काय ते मला गेल्या आठवड्यात कळलं. सांगते, आधी हे ऐका.

तर अण्णांनी जाहीर केलं, ‘मी कॅम्पर करतोय.’ माई म्हणाल्या, ‘घरात दोन कॅम्पर आहेत पाण्याचे, तिसरा कशाला?’ आमच्या ह्यांना वाटलं महिंद्राची बोलेरो कॅम्पर घेतायत. शेवटी त्यांच्या जावयाने उलगडा केला, तो हिंजवडीला असतो ना, त्याने. परदेशात म्हणे ट्रकच्या पाठीवर खोली बसवतात. आत पलंग, शेगडी, वर छप्पर, आणि माणसं गावोगाव हिंडतात. आपल्या सरकारनेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅनसाठी पर्यटन धोरण काढलंय म्हणाला. माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘यात नवीन काय? आमच्या दिंडीचा ट्रक म्हणजे दुसरं काय असतं?’

खरंच की हो! वळकट्या, पातेली, गॅसच्या टाक्या, राहुट्यांचे बांबू, सगळं त्या ट्रकमध्ये. माणसं चालत जातात, ट्रक पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहतो. रात्री पावसाने राहुटीत पाणी शिरलं की म्हाताऱ्या बायका हौद्यात ताडपत्रीखाली आडव्या होतात. पंढरपूरपर्यंत तेच घर. माई पंधरा-सोळा वर्षं जातायत देहूच्या पालखीबरोबर. अण्णा? अण्णांनी वारीत पाऊल टाकलेलं नाही कधी. पालखी भक्ती-शक्ती चौकात आली की तिथे जाऊन हात जोडायचे, आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्काम असतो त्या रात्री माईंना डबा नेऊन द्यायचा, की झाली त्यांची वारी.

आता अण्णा म्हणजे लोखंडाचा माणूस. 1984 साली टेल्कोत लागले, चाळीस वर्षं काढली. कंपनीचं नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झालं, पण अण्णांच्या तोंडी टेल्कोच. 407 बाजारात आली 1986 मध्ये. ‘माझ्या डोळ्यांदेखत जन्मली ती,’ असं पोरीचं सांगावं तसं सांगतात. माई तिला टेम्पो म्हणाल्या की असे चिडतात! ‘टेम्पो आकुर्डीचा, ही पिंपरीची!’ बजाज टेम्पोचा कारखाना आकुर्डीला ना. 2005 मध्ये त्यांचंही फोर्स मोटर्स झालं, पण महाराष्ट्रात कुठलीही छोटी मालगाडी दिसली की माणूस टेम्पोच म्हणणार. त्याला अण्णा काय करणार?

इंजिन, ब्रेक, पाटे, सगळं त्यांनी महिन्याभरात उतरवून परत चढवलं. अंगणात पाने असे मांडलेले, जशी मी संक्रांतीला सुगडं मांडते. आरटीओतही जाऊन आले. तिथल्या माणसाने बजावलं, मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत. अण्णा म्हणाले, ‘साहेब, आमची माणसं चालतात. बसते ती पातेली.’ आणि गाडीचा मूळ ढाचा बदलायचा तर मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, परवानगी लागते. म्हणून अण्णांनी ठरवलं, बदलायचं काही नाही, जे आहे तेच धड करायचं.

धड करायचं म्हणजे लाकूड. आणि तिथे अण्णांचं घोडं अडलं.

हौद्याच्या तळाला आधीच्या मालकाने पत्रा ठोकलेला. बाजूच्या फळ्यांवर दर दसऱ्याला रंगाचा एक हात. अण्णा खरवडायला बसले तर निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, असे सात थर निघाले. ‘एवढा रंग आहे म्हणजे लाकूड शाबूत असणार,’ असं म्हणत होते. मी भिंतीवरून बघतेय. त्यांनी सहज म्हणून स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो खरवसात चमचा जावा तसा आत गेला. ताई, माणसाचा चेहरा बघवेना.

मग त्यांनी एक सुतारबाबा शोधून आणले, चाकणच्या पलीकडून, खेडच्या अंगाचे. ऐंशीच्या पुढचे असतील. पूर्वी बैलगाड्या करायचे. चाकाला लोखंडी धाव चढवायची असली की ती भट्टीत लाल करून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. तसली कामं केलेला माणूस. मधे धंदा बसला. 2014 मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा उरलंसुरलं कामही गेलं. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परत परवानगी दिली, तेव्हा हत्यारांना पुन्हा तेल लागलं म्हणतात. मुलगा मात्र निघोज्यात पॅलेट आणि खोकी करतो, कंपन्यांची. बाबा त्याला सुतार म्हणत नाहीत. ‘खिळं मारतो,’ म्हणतात.

बाबा आले, चहा घेतला आणि ट्रकला गोल फेरी घातली. हातात एक छोटी हातोडी. फळी वाजवायची, कान द्यायचा, पुढे जायचं. आपण कलिंगड घेताना वाजवतो ना, अगदी तसं. चांगलं लाकूड टणटण बोलतं, कुजकं ढप्प करून गप्प बसतं. कुजकं आलं की खडूने फुली. अर्ध्या तासात ट्रकवर एकवीस फुल्या. आणि गंमत बघा, उघड्यावर, भर उन्हापावसात असलेल्या फळ्यांवर चार-पाचच. बाकी सगळ्या पत्र्याखाली, लोखंडी पट्ट्यांखाली आणि जिथे लांबी भरून गुळगुळीत केलं होतं तिथे.

अण्णा म्हणाले, ‘असं कसं? जिथे झाकलं तिथेच कुजलं?’

बाबा काही बोलायच्या आत माई ओट्यावरून म्हणाल्या, ‘अहो, कुरडई आतून ओली असताना डब्यात भरली की काय होतं? बुरशी धरते. आणि डबा जितका घट्ट तितकी लवकर धरते.’

बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि माईंकडे बघून म्हणाले, ‘बाईस्नी कळलं बगा. तुमचं काय व्हतं सायेब, तुम्ही पानी अडवाया बघता. पानी कुनाला अडलंय का? एका खिळ्याच्या भोकातनं आत जातंय. गेलं तर जाऊ द्यावं. निघाया वाट ठिवावी.’

पत्रा काढला त्या दिवशी तर मीच नाकाला पदर लावून बघत होते. खाली कांद्याची सालं, माती आणि पाणी यांचा लगदा, वर्षानुवर्षांचा. खिळे ओढले तर खिळ्याभोवतीचं लाकूड शाईसारखं काळं. बाबा म्हणाले, बाभळीच्या अंगात तुरटपणा असतो, त्याची न् ओल्या लोखंडाची गाठ पडली की काळं पडायचंच. बाभळीच्या सालीने कातडी कमावतात ना, त्यातलाच तो तुरटपणा. पूर्वी शाईसुद्धा अशीच करायचे, तुरट फळं न् लोखंडाचा क्षार घालून. म्हणजे बघा, ट्रकच्या पोटात शाईचा कारखाना निघाला होता.

मग मार्च-एप्रिल काहीच नाही. नुसतं वाळत ठेवलं! अण्णांचा जीव वरखाली. ‘उद्या जोड मारू, परवा रंग देऊ.’ बाबा यायचे, फळीला गाल लावायचे आणि म्हणायचे, ‘गार हाय अजून,’ की चालले घरी. अण्णांना ते गालाचं काही पटेना. त्यांनी बाबांच्या मुलाकडून यंत्र आणलं, दोन सुया असलेलं. लाकडात टोचलं की ओल किती ते आकड्यात दाखवतं. पॅलेटवाल्यांना लागतं ते. पहिल्या दिवशी आकडा आला 27. मुलाने सांगितलं, वीसच्या खाली गेल्याशिवाय बुरशी थांबत नाही आणि रंगाला तर पंधराच्या आत पाहिजे. अण्णांनी भिंतीवर कोळशाने तक्ता काढला, टेल्कोत काढायचे तसा. सत्तावीस, चोवीस, एकोणीस. एप्रिलच्या शेवटी तेरा आला. त्याच दिवशी बाबांनी गाल लावला आणि म्हणाले, ‘झालं.’ अण्णा दोन मिनिटं त्या यंत्राकडे बघत बसले.

तुम्हाला घरगुती युक्ती हवी तर तीही आहे, आमच्या खिडकीवर मी करून बघितली. लाकडावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस उन्हात ठेवायचा. गरम पोळ्या डब्यात घातल्या की झाकणाला घाम येतो ना? तसा प्लॅस्टिकला आतून घाम आला तर लाकूड ओलं. आमच्या खिडकीला आला. तीन दिवाळ्या रंग देतेय मी तिला! असो.

नवीन लाकूड कुठून आणायचं यावरून बापलेकांत जुंपली. मुलगा म्हणाला, ‘माझ्याकडे पाइन आहे, परदेशातल्या खोक्यांचं, शिक्का असलेलं.’ त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि एचटी अशी अक्षरं. म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता तीस मिनिटं दिलेली. आतले किडे, अळ्या मरतात आणि खोकं देशाबाहेर जाऊ शकतं. बाबा म्हणाले, ‘आतला किडा मेला रं. उद्या बाहेरून येनाऱ्याला काय तुझा शिक्का वाचता येतोय?’ आणि ते बरोबरच आहे, त्या उष्णतेने लाकूड पाण्याला टिकाऊ होत नाही. शेवटी पाइनचं आतलं कपाट केलं, भांड्यांचं, आणि बाहेरच्या फळ्यांना सागवान. नवं सागवान परवडायचं नाही. पुण्यात एक वाडा पाडला होता, त्याच्या तुळया भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून उचलल्या. रंधा मारला आणि आतून असा मधासारखा रंग निघाला! सगळ्या गल्लीत वास.

स्क्रूंची वेगळीच कथा. पूर्वी असलं काहीबाही अण्णा कुदळवाडीतून आणायचे. 2025 च्या फेब्रुवारीत तिथल्या भंगाराच्या दुकानांवर महापालिकेचे जेसीबी फिरले, कोण कुठे गेलं पत्ता नाही. मग भोसरीला दोन दिवस हिंडून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणले. पिशवी उघडून मला दाखवले, दागिने दाखवावेत तसे. ‘हे गंजणार नाहीत, लाकूड काळं करणार नाहीत.’ मी म्हटलं, छान आहेत, मंगळसूत्रात ओवा.

जोडाचं काम बघायला मी मुद्दाम स्टूल आणून भिंतीशी बसले. कुजकं कापताना बाबा नुसतं कुजकं कापत नाहीत, चांगलं लाकूड लागल्यावरही वीतभर पुढे जातात. आणि कापतात तेही तिरकं. जाडी एक इंच तर उतार आठ इंचांचा. सरळ कापून दोन तुकडे टेकवले तर जोड पहिल्या खड्ड्यात उघडतो. तिरक्या जोडाला चिकटायला जागा मोठी मिळते. सागवान आतून तेलकट, सरस धरत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसायचं आणि पुसल्या पुसल्या लावायचं. भोकांचं तर अजबच. स्क्रूसाठी आधी मोठं भोक पाडलं, त्यात एपॉक्सी भरली, ती वाळल्यावर तिच्या पोटात बारीक भोक पाडून स्क्रू. म्हणजे स्क्रूच्या कडेने पाणी गेलंच तर त्याला लाकूड लागतच नाही. हे मात्र अण्णांचं डोकं, बाबांचं नाही. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, ‘हे ब्येस हाय.’ त्या दिवशी अण्णा जेवताना दोन पोळ्या जास्त जेवले, माईंनी सांगितलं.

तळाच्या फळ्या बसवताना बाबांनी खिशातून पाचाचं नाणं काढलं. एक फळी ठोकायची, कडेला नाणं उभं धरायचं, त्याला टेकवून दुसरी. नाणं काढलं की तेवढी फट. अण्णा ओरडले, ‘अहो, खालचा चिखल वर येईल!’ बाबा म्हणाले, ‘येईल तसा जाईल. पावसात फळी फुगती, तिला अंग टाकाया जागा नको?’ आणि बाजूच्या फळ्यांना खालच्या अंगाने, कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच मारली. वरून वाहत आलेलं पाणी त्या खाचेपाशी तुटतं आणि पागोळीसारखं खाली पडतं, आत वळत नाही. तुमच्या खिडकीच्या छज्ज्याला असते बघा तशी, कधी बोट फिरवून बघा.

मग लागला धोंड्याचा महिना. यंदा ज्येष्ठ अधिक ना, 17 मेपासून. जावई आला वाणाला. माईंनी काय थाट केला होता! तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, पुरणाचे धोंडे. जावई जेवला, कपडे घेतले आणि सुपारी तोंडात टाकतोय तोवर अण्णांनी हातात पॉलिश पेपर ठेवला. ‘ऐंशी नंबरने सुरुवात कर, मग एकशेवीस.’ बिचारा तीन दिवस घासत होता. विष्णूसमान मानतात म्हणे जावयाला या महिन्यात. चारी हातांना काम होतं.

आणि त्यानेच तो घोटाळा केला, तो ऐका. आतल्या बाजूला रंग द्यायचा नाही असं ठरलं होतं, फक्त जवसाचं तेल. डबल बॉइल्ड लिनसीड म्हणतात दुकानात. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत जिरतं. फळीचं कापलेलं तोंड असतं ना, तिथून लाकूड नळीसारखं पितं. तिथे तर चार-चार वेळा पाजायचं. आणि वीस मिनिटांनी जे वर उरलं असेल ते फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ बसते. जावयाने पुसलं अगदी मन लावून. माईंच्या जुन्या सुती पातळाची फडकी होती. पुसून झाल्यावर सगळी गोळा करून बादलीत कोंबली आणि बादली ठेवली उन्हात, ट्रकच्या चाकाशी. दुपारी मी इथेच होते, पापड लाटत. बघते तर बादलीतून धूर! काडी नाही, विडी नाही, धूर! मी किंचाळले. आमचे हे बनियनवर पळाले, नळी लावली. फडकी मधोमध काळी पडली होती.

हे तेल वाळतं ना, ते नुसतं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं. पसरलेलं असलं तर ती ऊब हवेत जाते. बोळा करून दाबून ठेवलं की आतल्या आत वाढत वाढत पेटतं. फडकी एकेक करून दोरीवर पसरायची नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची. अण्णांना माहीत होतं सगळं, चाळीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. जावयाला सांगायचं राहिलं. माई एकच वाक्य बोलल्या, ‘ह्यांचं असंच. सगळं आत ठेवायचं आणि मग धूर काढायचा.’

बाहेरून मात्र रंग आहे, प्रायमर आणि दोन पातळ हात. उन्हाने उघडं लाकूड करडं पडतं, भेगाळतं, त्याला रंगाचीच छत्री लागते. पण एका अंगाने छत्री, दुसऱ्या अंगाने मोकळं, म्हणजे ओल आत शिरली तरी हौद्याच्या बाजूने सुकून जाते. लोखंडी पट्ट्यांखाली सीलंट, पण तिथेही खालची कड उघडी. आणि सिलिकॉन मुळीच नाही, त्यावर रंग धरत नाही. पेंटर आला तो विचारतो, मागे हॉर्न ओके प्लीज लिहू? अण्णा म्हणाले, ते महाराष्ट्रात 2015 पासून बंद आहे बाबा. तू ‘रामकृष्णहरी’ लिही आणि फुलं काढ. फुलं जरा जास्तच काढलीत, मला विचाराल तर.

हं, पैशांचं. गेल्या आठवड्यात अण्णा बँकेत गेले होते, माई किल्ली देऊन देवळात गेलेल्या. म्हटलं बघू तरी आतून. फालका खाली पाडला की एक पायरी बाहेर येते, घडीची, सागवानी. मी पाय ठेवला तर इतकी खाली! मला वाटलं माप चुकलं. तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्यात, ओला पाय घसरू नये म्हणून. वर चढताना हाताला एक दांडा लागतो. सगळीकडे रंग आहे, त्या दांड्याला नाही. नुसतं तेल, आणि असा घासलाय, पोळपाटाची कड झिजते तसा, मुठीत बसेल इतका. आत डाव्या अंगाला भिंतीला दुमडणारी एक फळी आहे, झोपायला. तिची लांबी बघितली मी. अण्णा त्यावर मावायचे नाहीत, गुडघ्यापासून बाहेर येतील. पाच फुटांच्या आतलं माणूस मावेल. आणि गल्लीत पाच फुटांच्या आतलं माणूस एकच.

तेव्हा मला आठवलं. गेल्या वर्षी 18 जूनला पालखी देहूहून निघाली. चार-सहा मुक्काम झाले आणि पावसाच्या रात्री माई भाड्याच्या ट्रकमध्ये झोपल्या होत्या. तळ ओला, वळकटी भिजली, आठ दिवस तापाने फणफणल्या. वारी अर्धवट टाकून परत आणावं लागलं. चढताना पाय घसरून गुडघाही दुखावला होता, ते दुखणं अजून जात नाही. परत आल्यावर माई रडल्या होत्या, तापापेक्षा वारी चुकली म्हणून. अण्णा त्या वेळी काही म्हणाले नव्हते. पेपर वाचत बसले होते.

मी माईंना सरळ विचारलं, पैसे कुणाचे? त्या हसल्या. गाडीचे कागद आणून दाखवले. मालक म्हणून माईंचं नाव! पीएफमधून काढलेत, दोघांनी बँकेत बसून, आपण गल्लीत कुजबुजत होतो तेव्हा. दिंडीला गाडी बिनभाड्याने, फक्त डिझेल भिशीतून. ‘ह्यांना बोलता येत नाही,’ म्हणाल्या, ‘म्हणून ठोकतात.’

आणि परवा रात्री पहिला वळीव झाला ना, तेव्हाची गंमत सांगते आणि जाते. विजा कडाडतायत, दिवे गेलेले, आणि अण्णा बॅटरी घेऊन ट्रकमध्ये. मी खिडकीतून बघतेय. ताडपत्रीच्या कमानीपाशी कुठेतरी टिपटिप लागलीच. मला वाटलं, झालं, आता माणूस खचणार. तर अण्णा खाली वाकून, बॅटरी फळ्यांवर धरून, त्या नाण्याएवढ्या फटीकडे बघतायत. मग छत्री न घेता खाली उतरले, ट्रकखाली बॅटरी मारली आणि तिथूनच ओरडले, ‘अगं, गळतंय! सगळं खाली गळतंय!’ माई दारात. मला अंधारात दिसलं नाही नीट, पण हसत होत्या बहुतेक.

यंदा अधिक महिन्यामुळे वारी पुढे गेलीये, ज्येष्ठ वद्य सप्तमी थेट जुलैत, आषाढी 25 जुलैला. म्हणजे ऐन पावसात प्रस्थान. अण्णा म्हणतात, ड्रायव्हर मिळत नाही हल्ली भरवशाचा, मीच नेईन म्हणतो. पंढरपूरपर्यंत. माई काही बोलल्या नाहीत, नुसतं पिठलं वाढलं.

बाबा सोमवारी माझ्या खिडकीसाठी येतायत. तुमच्याही मागच्या दाराची चौकट एकदा वाजवून घ्या, मला तिचा आवाज... अगं बाई! थेंब पडला. पडला ना? तुमच्याही हातावर? अहो, माझ्या कुरडया! धरा, धरा, बाजेचं ते टोक धरा तुम्ही, या भिंतीवरून अलीकडे!